सासूला दुसरं कामच नसतं का?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये ज्योती चांदेकर गेल्या. ती बातमी आमच्या शेडनेटमध्ये एका बाईच्या मोबाइलवर आली. मिरचीच्या क्रॉसिंगचे दिवस होते. देऊळगाव राजा तालुक्यात गावोगाव शेडनेटं उभी आहेत, भाजीपाल्याचं बियाणं तयार होतं त्यांत. आमचीही दोन आहेत, मुलगा बघतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून २०२० साली निवृत्त झाले आणि तेव्हापासून बायांची हजेरी नि मजुरीचा हिशेब माझ्याकडे आला. काम डोळ्यांचं आणि बोटांचं आहे. दुपारनंतर मादी झाडाच्या कळीतले पुंकेसर चिमट्यानं अलगद काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला नराची भुकटी लावायची आणि खूण म्हणून धागा बांधायचा. घाई केली की फूल मोडतं. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक बाया चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या आहेत, त्यांचा हात बसलेला आहे. हात चालतात तशी तोंडंही चालतात, आणि बोलणं बरेचदा आदल्या रात्रीच्या मालिकेवर असतं.

‘ठरलं तर मग’ मधली पूर्णा आजी ह्या बायांच्या रोजच्या ओळखीची होती. त्या सकाळी कोणी गाणं धरलं नाही. मग एकीनं विचारलं, “मॅडम, लई दिवसांची बिमार होती का?”

मी म्हटलं, “नाही, मालिकेतलं काम चालूच होतं.”

पार टोकाच्या ओळीत आमची सगळ्यात वयस्कर बाई होती, साठी ओलांडलेली. ती मान वर न करता म्हणाली, “म्हंजे मरेपावतर कामाले जात होती. आपल्यासारखीच.”

पूर्णा आजी ही मोठ्या घरातली, मानानं बसणारी आजी. ती करणारी बाई रोज कामाला जात होती हे ह्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. मलाही. माझ्या सासूबाई तीस-पस्तीस वर्षांपूर्वी एसटीत जे बोलल्या होत्या, ते मला त्या वेळी आठवलं आणि मग दिवसभर डोक्यातून गेलं नाही.

आम्ही सासूला आत्याबाई म्हणतो. मी १९८३ मध्ये लग्न होऊन देऊळगाव राजाला आले तेव्हा आत्याबाईंना वैधव्य येऊन बारा वर्षं झाली होती. सासरे १९७१ मध्ये गेले, तेव्हा आत्याबाईंचं वय छत्तीस. पदरात तीन मुलं आणि सात एकर कोरडवाहू. दुसऱ्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. त्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेल्या. पुढे सातबाऱ्यावर नाव चढवायला तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या, सोसायटीच्या कर्जाचा अंगठा नको म्हणून वयाच्या चाळिशीत सही शिकल्या, जालन्याच्या बाजारातून स्वतः बैलजोडी पारखून आणली. ही बाई माझ्या घरात होती. आणि पडद्यावर मी जी सासू, जी आई, जी आजी पाहत होते, ती हिच्यासारखी कधीच नव्हती.

त्यांचं माहेर सिंदखेडराजाकडचं. तिकडच्या बाया जिजाऊंना देवी म्हणत नाहीत, ‘आमची लेक’ म्हणतात. १२ जानेवारीला लखुजीराजांच्या वाड्यावर लोटणाऱ्या गर्दीत आत्याबाई दरवर्षी जायच्या, लेकीच्या वाढदिवसाला जावं तशा. आमच्या बालाजीच्या यात्रेत, आश्विनात, पूर्वी तंबूतला सिनेमा यायचा. सासरे असताना त्यांनी तिथे भालजी पेंढारकरांचा ‘मराठा तितुका मेळवावा’ पाहिला होता. १९६४ चा सिनेमा, जिजाऊंच्या भूमिकेत सुलोचनाबाई. “लई देखणी, लई शांत,” असं त्या सुलोचनाबाईंबद्दल नेहमी म्हणायच्या. त्या वेळी सुलोचनाबाईंचं वय होतं छत्तीस. म्हणजे आत्याबाई विधवा झाल्या तेव्हाचं त्यांचंच वय.

सुलोचनाबाईंचं पुढचं आयुष्य बहुतेक आईच्याच भूमिकांत गेलं. १९७० च्या ‘जॉनी मेरा नाम’ मध्ये त्या देव आनंदच्या आई आहेत. देव आनंद १९२३ चा, सुलोचनाबाई १९२८ च्या. मुलगा आईपेक्षा पाच वर्षांनी मोठा. आणि ह्यात त्या एकट्या नाहीत. रीमा लागू ‘मैंने प्यार किया’ मध्ये सलमान खानची आई झाल्या तेव्हा एकतीस वर्षांच्या होत्या, दोघांत सात वर्षांचं अंतर. दहा वर्षांनी ‘वास्तव’ मध्ये संजय दत्तची आई, तिथे अंतर एका वर्षाचं. रोहिणी हट्टंगडींनी ‘गांधी’ मध्ये कस्तुरबा केल्या त्या पंचविशीच्या पुढेमागे, आणि ‘अग्निपथ’ मध्ये अमिताभची आई केली पस्तिसाव्या वर्षी, अमिताभ तेव्हा सत्तेचाळीसचा होता. नायकाचे केस काळेच राहिले आणि त्याच्याहून लहान बाईचे केस रंगवून पांढरे केले. माझ्या मते ह्यातला खरा अन्याय वयाचा नव्हताच. आमच्याकडे सोळा-सतराव्या वर्षी मुलीचं लग्न करून टाकत, अजूनही चोरून करतात. अशी मुलगी चाळिशीच्या आत सासू होते आणि बेचाळिसाव्या वर्षी आजी. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आज्या माझ्या बरोबरीच्या, पुष्कळदा माझ्याहून लहान होत्या. पस्तिशीतली आई पडद्यावर खोटी वाटावी असं आमच्या गावात काही नव्हतं. खोटं होतं ते तिचं रिकामपण. केस पांढरे झाले की तिच्या हातातलं काम काढून घ्यायचे आणि एक निरांजनाचं तबक द्यायचे.

१९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ आला. आमच्याकडच्या बाया तो बघायला जालन्याला जायच्या. आमच्या गल्लीतल्या नऊ जणी एसटीनं गेलो, आत्याबाईही आल्या. अलका कुबल रडायला लागली की अख्खं थिएटर रडायचं. उषा नाडकर्णींची सासू दिसली की बाया मोठ्यानं शिव्या द्यायच्या, एकीनं तर चप्पल हातात घेतली होती. मी आत्याबाईंच्या शेजारी बसले होते आणि मला त्यांच्याकडे बघायचा धीर होत नव्हता. परतीच्या गाडीत सगळ्या जणी त्या सासूबद्दलच बोलत होत्या. आत्याबाई खिडकीशी गप्प. गाव जवळ आलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, “काय वं, सासूले दुसरं कामच नसते का?”

मी काहीच बोलले नाही. मला वाटलं, त्यांना राग आलाय. पण त्यांचा सूर रागाचा नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. सकाळी उठून सुनेला छळायला सुरुवात करायची आणि रात्रीपर्यंत छळायचं, तर ह्या बाईचं शेत कोण बघतं, दूध कोण काढतं, भाकऱ्या कोण थापतं? त्यांच्या घरात छळायला वेळच नव्हता. (छळ कुठे होत नव्हता असं मी म्हणत नाही. आमच्याच गल्लीत झालेला मी पाहिला आहे, आणि त्या सिनेमात बाया उगाच रडत नव्हत्या.)

त्याआधी चार वर्षं ‘रामायण’ येऊन गेलं होतं. १९८७ मध्ये आमच्या आळीत एकच टीव्ही होता, काळापांढरा. रविवारी सकाळी अंगणात सतरंजी अंथरून सगळे बसायचे, एक पोरगं गच्चीवर अँटेना धरून. कौसल्या दिसली की आत्याबाई म्हणायच्या, “ही तर ‘सांगत्ये ऐका’ वाली!” आणि खरंच ती जयश्री गडकर होती. १९५९ चा तो तमाशापट पुण्यात अडीच वर्षं चालला होता, त्यातली पायांत चाळ बांधलेली जयश्रीबाई आता राजवाड्यात डोळे पुसत बसली होती. शेजारी दशरथ झालेले बाळ धुरी, तिचे खरे यजमान. आणि मंथरा ललिता पवार. येवल्याच्या ह्या बाईला १९४२ मध्ये चित्रीकरणात भगवानदादांची चपराक जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डोळा बारीक झाला. नायिकेच्या भूमिका गेल्या. मग त्याच डोळ्याच्या जोरावर तिनं पन्नास वर्षं दुष्ट सासवा उभ्या केल्या. मंथरा केली तेव्हा ती सत्तरीत होती. सत्तरीतली एक बाई दिवसभर दिव्यांच्या उजेडात उभी राहून, कुबड लावून, आपलं पोट आपण भरत होती. आणि करत काय होती, तर दुसऱ्याचं घर मोडणारी म्हातारी.

हे कोडं मला आज जास्त टोचतं. पडद्यावर जिनं बिनकामाची आई केली, ती बाई स्वतः फार कष्टाळू होती. आपल्या सिनेमाची सुरुवातच तशी आहे. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ मधल्या ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये ज्या दोन बाया पहिल्यांदा पडद्यावर आल्या, त्या आई आणि लेक होत्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, नाटक कंपनीबरोबर गावोगाव फिरून मुलीला वाढवणाऱ्या. हे मला निवृत्तीनंतर एका दिवाळी अंकात वाचायला मिळालं. आत्याबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “मंग तिच्यावर नाही काढला का सिनेमा?”

केबल आमच्याकडे २००० च्या सुमारास आली. त्यानंतर संध्याकाळी साडेसात ते रात्री दहा हा काळ घरातल्या बायांचा झाला. ‘चार दिवस सासूचे’ २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग. रोहिणी हट्टंगडींची आशा देशमुख आत्याबाईंना आवडायची, कारण ती हुकूम करायची. मला त्या मोठ्या बंगल्यातल्या मालिकांचा मनातून कंटाळा होता, हेही लिहायला हवं. रात्री झोपायच्या वेळीही ह्या बायांच्या अंगावर भरजरी साडी. घरात वीस माणसं आणि ओट्यावर एक खरकटं भांडं नाही. तेव्हाच्या हिंदी मालिकांनी तर विशी-पंचविशीतल्या मुलींना केसांना दोन पांढऱ्या रेघा मारून आजी केलं. पण एक खरं, सिनेमानं जिला दोन-तीन प्रसंगांपुरती बोलावली, तिला मालिकेनं रोज अर्धा तास दिला. म्हाताऱ्या नटींना वर्षानुवर्षं काम मिळालं ते मालिकांमुळे. रीमा लागू २०१७ च्या मे महिन्यात गेल्या तेव्हाही त्या एका मालिकेत काम करत होत्या.

शाळेत मी चौथीला ‘माझी आजी’ हा निबंध दरवर्षी द्यायचे. सुरुवातीच्या वर्षांत पोरं ठरलेलं लिहायची: आजी गोष्टी सांगते, आजी देवाला जाते, आजीच्या हातात काठी आहे. चित्र काढायला सांगितलं की काठी, चष्मा, अंबाडा. ज्या पोराची आजी सकाळी डोक्यावर पाटी घेऊन शाळेवरून गेलेली मी पाहिली, तेही काठीच काढायचं. शेडनेटं आली तशी त्या निबंधांत एक ओळ यायला लागली, “माझी आजी क्रॉसिंगला जाते.” पहिल्यांदा वाचली तेव्हा मी ती वही घरी नेऊन आत्याबाईंना दाखवली. ज्या पोरीनं ती लिहिली तिनं चित्रात आजीच्या हातात चिमटा काढला होता.

२०१९ च्या जुलैमध्ये ‘अग्गंबाई सासूबाई’ सुरू झाली. निवेदिता सराफांची आसावरी ही विधवा, सासऱ्यांच्या नि मुलाच्या धाकात दबलेली, स्वयंपाकात रमणारी. तिच्या आयुष्यात गिरीश ओकांचे अभिजित राजे येतात, आणि तिचं लग्न लावून द्यायला उभी राहते ती तिची सून. २०२० च्या जानेवारीत ते लग्न दाखवलं. आमच्या घरी त्या रात्री दोन जावा, मी, सून आणि आत्याबाई होत्या. जाऊ म्हणाली, “ह्या वयात काय हे थेर!” सून म्हणाली, “काय बिघडलं, काकू?” थोडी बोलाचाली झाली. आत्याबाई पंच्याऐंशीच्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, लग्न लागलं आणि उठून झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. तेव्हा त्या आपणहून म्हणाल्या, “माझ्या दारी बी एक जण यायचा. तुझ्या सासऱ्याचा लांबचा भाऊ लागत होता. दुस्काळाच्या पुढच्या साली पेरणीले त्यानं आपले बैल देल्ले, सोता तिफण धरली. लोकं बोलाय लागले. मंग मी त्याले सांगितलं, येऊ नको.” मी विचारलं, “मग?” त्या म्हणाल्या, “मंग काय. त्या साली पेरणी आठ दिवस मागं पडली.”

एवढंच. मी पुढे काही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. सदतीस वर्षं मी त्यांच्याबरोबर राहिले आणि ही गोष्ट मला एका मालिकेमुळे कळली. म्हणून मालिकांना सरसकट नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्या लग्नानं आमच्या घरात काही क्रांती झाली नाही. पण पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला आपली एक जुनी गोष्ट उघडी करावीशी वाटली. दोन वर्षांनी, २०२२ च्या मे महिन्यात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि सरकारनं तो इतर गावांपुढे ठेवला. ती बातमी ऐकायला आत्याबाई नव्हत्या.

मालिकेतल्या त्या लग्नानंतर, २०२० च्या मार्चमध्ये, लॉकडाउन लागला. चित्रीकरणं थांबली आणि दूरदर्शनवर पुन्हा ‘रामायण’ सुरू झालं. आता घरात रंगीत टीव्ही, पण बघणाऱ्या आम्ही त्याच दोघी. कौसल्या दिसली. “ही आता असंल का?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, २००८ मध्येच गेली. ललिता पवार तर त्याही आधी दहा वर्षं, पुण्यात. मंथरा बोलायला लागली तशा आत्याबाई पुढे सरकून ऐकायला लागल्या. १९८७ मध्ये तिला बघून त्यांनी बोटं मोडली होती. आता म्हणाल्या, “काम लई भारी केलं म्हातारीनं.” २०२१ च्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

‘आई कुठे काय करते’ त्यांनी दीडेक वर्ष पाहिली. ते नाव त्यांना फार आवडायचं. त्या नावातच त्यांचा एसटीतला प्रश्न उलटा होऊन बसला होता. मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती सुरुवातीला घरात राबणारी, जिचं राबणं कुणाच्या हिशेबात नाही अशी बाई. नवऱ्याचं दुसरीकडे आहे हे कळल्यावर ती कोसळते, मग उभी राहते, घटस्फोट घेते, गाणं हाती धरते, कमावते, पुढे दुसरं लग्नही करते. मूळ कथा बंगालीतली, पण आमच्या बायांनी ती आपलीच मानली. मालिका २०२४ च्या नोव्हेंबरात संपली तेव्हा शेडनेटमध्ये आठवडाभर हळहळ होती. मात्र एक बाई मला जे म्हणाली ते मी विसरत नाही. “मॅडम, तिले गाणं येत होतं म्हून जमलं. ज्याईले निंदण-खुरपण येते त्याईनं काय करावं?” तिच्या नवऱ्यानं तिला सोडलं होतं. क्रॉसिंगच्या मजुरीवर तिनं दोन मुली बारावीपर्यंत नेल्या होत्या. म्हणजे अरुंधतीनं जे केलं ते सगळं तिनं केलं होतं. तिच्यावर मालिका निघत नाही, एवढाच फरक.

२०२३ च्या पावसाळ्यात ‘बाईपण भारी देवा’ आला आणि महाराष्ट्रभर बाया जथ्यानं थिएटरात गेल्या. आम्हीही गाडी करून जालन्याला गेलो, घरच्या चार आणि शेडनेटच्या सात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या कुलकर्णी, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर, दीपा परब. सहा बहिणी, आणि त्यांत बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशीच्या पलीकडच्या. केदार शिंद्यांच्या ह्या सिनेमानं सत्तर कोटींच्या पुढे मजल मारली. ‘म्हाताऱ्या बायांचा सिनेमा बघायला कोण येणार’ असं आता कुणाला म्हणता येणार नाही. त्याआधी २०२१ मध्ये ‘झिम्मा’ येऊन गेला होता, तोही आम्ही पाहिला होता. सुहास जोशी, निर्मिती सावंत परदेशात फिरताना बघून माझ्या जावेनं बचत गटाच्या बायांची तिरुपतीची सहल ठरवली. आमचा बालाजी घरचा आहे, पण तिला तो मोठा बालाजी पाहायचा होता.

‘बाईपण’ बघून परत येताना गाडीत प्रत्येक जण बोलत होती. पाळी जाण्याबद्दल इतकं मोकळं बोलणं मी आमच्याकडे कधी ऐकलं नव्हतं. एकीनं मात्र विचारलं, “मॅडम, हे मंगळागौर म्हंजे काय असते?” मी समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आपली भुलाबाई काऊन नाही दाखवत?” भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे घरोघर भुलाबाई बसते, गाणी होतात, खाऊ ओळखायचा खेळ होतो. पुण्या-मुंबईच्या पडद्यावर ती मला अजून दिसलेली नाही. मग सगळ्यांनी मिळून गाडीत भुलाबाईची गाणी म्हटली, गाव येईपर्यंत.

आमच्या मुलखातली म्हातारी मला सिनेमात एकदाच खरी भेटली. २००९ चा ‘गाभ्रीचा पाऊस’, सतीश मनवरांचा. कापूस पेरणारा, कर्जात बुडालेला विदर्भातला शेतकरी. त्यानं जिवाचं काही बरंवाईट करू नये म्हणून बायको सासूला आणि पोराला त्याच्यावर लक्ष ठेवायला लावते. ज्योती सुभाष त्या सासू आहेत. ही सासू सुनेला छळत नाही, सून तिच्यापुढे रडत नाही. दोघींपुढे एकच काम आहे, घरातला पुरुष जिवंत ठेवायचा. आमच्या तालुक्यात ज्या घरांत हे झालं आहे त्या घरांतल्या आज्या मी ओळखते. मुलगा गेल्यावर नातवंडांना शाळेत घालायला सुनेबरोबर त्याच आल्या होत्या. दाखल्यावर पालक म्हणून कुणाचं नाव लिहायचं, असं मी विचारायचे, तेव्हा सासू-सून एकमेकींकडे बघायच्या.

गेल्या पाच-सहा वर्षांत फार बदललं आहे, हे मी मनापासून मानते. नीना कुलकर्णींनी ‘फोटो प्रेम’ मध्ये जी बाई केली, तिची काळजी एवढीच, की आपण गेल्यावर भिंतीवर लावायला आपला एक धड फोटो नाही. तो सिनेमा बघून मी घरातले सगळे अल्बम काढले. आत्याबाई प्रत्येक फोटोत कडेला होत्या, अर्ध्या कापलेल्या. छाया कदमांची ‘लापता लेडीज’ मधली मंजूमाई स्टेशनवर टपरी चालवते, एकटी राहते आणि एकटं राहण्याचं तिला दुःख नाही. त्याच वर्षी, २०२४ मध्ये, कानच्या महोत्सवात गाजलेल्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ मध्ये त्या रुग्णालयात स्वयंपाक करणारी, घर वाचवायला बिल्डरशी भांडणारी रत्नागिरीची विधवा झाल्या. ‘अग्गंबाई’ च्या पुढच्या भागात आसावरीही कंपनी सांभाळायला लागली. म्हणजे हळूहळू काम परत येतंय हातात. मला ह्याचा फार आनंद आहे. आधी म्हातारीला फक्त मुलगा होता, मग तिला मन मिळालं, आता काम मिळतंय. पण ते अजून स्वयंपाकघराच्या आसपासचं आहे. शेत धरून बसलेली, तहसीलला चकरा मारणारी, बियाण्याच्या पैशाची वाट बघणारी म्हातारी अजून आली नाही.

आणि ती ह्या मातीत नवी नाही. शहाजीराजे १६६४ च्या जानेवारीत गेले. त्यानंतर जिजाऊ दहा वर्षं होत्या. १६६६ मध्ये महाराज आग्र्याला गेले, परत येतील की नाही ह्याची खात्री नाही, तेव्हा मागे राज्य सांभाळायला होत्या त्या अडुसष्ट वर्षांच्या जिजाऊ. विधवा, केस पांढरे, मुलगा शत्रूच्या कैदेत, आणि रोज समोर किल्ल्यांचे, फौजेचे, वसुलाचे प्रश्न. सुलोचनाबाईंपासून मृणाल कुलकर्णींपर्यंत किती जणींनी जिजाऊ केल्या, ‘स्वराज्यजननी जिजामाता’ ही आख्खी मालिका निघाली, आम्ही सगळं भक्तीनं पाहिलं. पण १६६६ चे ते महिने, एकट्या जिजाऊंचे, ह्यांवर एक पूर्ण सिनेमा मला अजून पाहायला मिळालेला नाही. आत्याबाई असत्या तर पहिला खेळ पाहायला आल्या असत्या. आमच्या लेकीनं तेव्हा काय काय केलं ते त्यांना माहीत करून घ्यायचं होतं.

मालिका आणि सिनेमे लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे, एकदा आमच्याकडे या. पावसाळ्यात या, तेव्हा काम जोरात असतं. जालन्याहून देऊळगाव राजाला एसटी आहे. क्रॉसिंग सकाळी सातला सुरू होतं. टोकाच्या ओळीतली बाई फार बोलत नाही, पण तुम्ही बरोबर उभे राहून धागे बांधले तर बोलेल.